पाकिटावर छापले आहे, पण वाचायचे कोणी?



उन्हाळा तोंडावर आला आहे. आपल्या तलमडुगु-आदिलाबाद भागातला उन्हाळा कसा असतो ते आपल्याला सांगायला नको. दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. घराघरांत कोणाला ऊन लागते, कोणाला जुलाब-उलट्या होतात. लहान मूल असलेल्या घरात तर जीव मुठीत धरूनच मे महिना काढावा लागतो. म्हणून हा लेख आत्ताच लिहीत आहोत. विषय साधा आहे. दुकानातून आपण जे बंद पाकीट घरी आणतो, त्यावर काय छापलेले असते, ते आपण वाचतो का, आणि वाचले तर समजते का?

सुरुवात आमच्याच घरातल्या एका चुकीपासून करतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या चार वर्षांच्या नातवाला जुलाब सुरू झाले. आम्ही लगबगीने एका औषधाच्या दुकानात गेलो आणि ओआरएस मागितले. दुकानदाराने विचारले, "पुडी देऊ की तयार?" पुडी म्हणजे पाणी उकळा, गार करा, मोजा, मिसळा. आम्ही म्हणालो, "तयार द्या." त्याने फळाच्या चवीचे, कागदी डब्यातले पेय दिले. डब्यावर मोठ्या अक्षरांत ओआरएस ही तीन अक्षरे होती. नातवाने ते आवडीने प्यायले, आणखी मागितले, आम्हीही दिले. जुलाब थांबण्याऐवजी वाढले. संध्याकाळी त्याला आदिलाबादला डॉक्टरांकडे न्यावे लागले. डॉक्टरांनी डबा हातात घेतला, उलटा केला आणि बारीक इंग्रजी अक्षरांतल्या एका ओळीवर बोट ठेवले. हे पेय जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या सूत्राप्रमाणे केलेले ओआरएस नाही, असे त्या ओळीत लिहिले होते.

मूल दोन दिवसांत बरे झाले. आमच्या मनाला मात्र ती ओळ लागून राहिली. आमची सारी नोकरी बँकेत गेली. बारीक अक्षरांतला मजकूर वाचणे, कर्जाच्या कागदावरची अट ग्राहकाला दाखवणे, हेच काम केले. ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा घेताना, मजकूर त्याच्या भाषेत वाचून दाखवला व समजावून सांगितला, असे लेखी नोंदवल्याशिवाय कागद पुढे सरकत नसे. आणि आम्हीच घरच्या लेकराच्या तोंडाला लावायचा डबा उलटा करून पाहिला नाही.

ओआरएसचे प्रकरण काय होते?

ही फसगत एकट्या आमची नव्हती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष या प्रश्नावर सुमारे आठ वर्षे लढत होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. हे प्रमाण असे बेतलेले आहे की आतड्यांनी पाणी शोषून घ्यावे. बाजारातल्या काही 'ओआरएस' नावाच्या पेयांत साखर याच्या कितीतरी पट होती. साखर इतकी वाढली की ती आतड्यात उलट पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. म्हणजे नाव औषधाचे, आणि आत शरबत.

आता यातला आपल्या विषयाशी जोडलेला भाग पाहा. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे ज्याला आपण एफएसएसएआय म्हणतो त्याने, २०२२ मध्ये एका अटीवर अशा पेयांच्या नावात ओआरएस ही अक्षरे वापरू दिली होती. अट अशी की, हे सूत्रानुसार ओआरएस नाही, अशी सूचना पाकिटावर छापायची. कायद्याच्या भाषेत ग्राहकाला माहिती मिळाली, काम झाले. प्रत्यक्षात मोठी अक्षरे वाचली गेली आणि बारीक ओळ कोणी पाहिली नाही. शेवटी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी प्राधिकरणाने ती सवलत मागे घेतली. सूत्रात न बसणाऱ्या पेयाच्या नावात, मागेपुढे कोणताही शब्द जोडूनसुद्धा, ओआरएस वापरता येणार नाही, असा आदेश निघाला. काही कंपन्या त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयातही गेल्या.

या प्रकरणातून एक गोष्ट सरकारी कागदावरच सिद्ध झाली असे आम्हाला वाटते. मागच्या बाजूला खरे छापले म्हणून पुढच्या बाजूची दिशाभूल पुसली जात नाही.

वाचणारे किती, समजणारे किती?

हैदराबादच्या तार्नाका भागात राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी दिल्ली आणि हैदराबाद येथील मोठ्या दुकानांत खरेदीला आलेल्या सुमारे अठराशे लोकांना विचारून एक अभ्यास केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दहांपैकी नऊ जण म्हणाले, आम्ही पाकिटावरचा मजकूर वाचतो. ऐकून बरे वाटते. पण काय वाचता, असे विचारल्यावर दहांपैकी आठ जण तारीख पाहणारे निघाले. घटक पदार्थ आणि पोषणाचा तक्ता पाहणारे जेमतेम एक तृतीयांश. न पाहण्याचे कारणही लोकांनी सरळ सांगितले होते. एक तर त्यातले ज्ञान नाही, दुसरे म्हणजे ती भाषा फार तांत्रिक वाटते.

हे शहरातल्या, शिकलेल्या, मोठ्या दुकानात जाणाऱ्या ग्राहकांचे चित्र आहे. आपल्याकडे किराणा दुकानात पाकीट दोरीला टांगलेले असते. दुकानदार ते तोडून हातात देतो, पोर तिथेच फोडते. वाचायला सवड मिळतेच कुठे? आठवडी बाजारातली सुटी शेव आणि सुटा चिवडा यांवर तर काहीच छापलेले नसते.

तारीख पाहण्याची सवय लागली हे चांगलेच झाले. पूर्वी पाकिटावर 'तयार केल्यापासून सहा महिन्यांच्या आत' एवढेच असायचे आणि हिशोब आपण करायचा. आता उत्पादनाची किंवा पॅक केल्याची तारीख आणि वापरण्याची शेवटची तारीख, दोन्ही छापणे सक्तीचे आहे. पण तारीख एवढेच सांगते की माल शिळा नाही. रोज खाण्याजोगा आहे की नाही, ते तारखेवरून कळत नाही.

भाषेची अडचण

आपल्या भागाची स्वतःची एक गाठ आहे आणि ती आपणच सोडवू शकतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

नियमाप्रमाणे पाकिटावरचा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असला की पुरे. इतर भाषा कंपनीच्या मर्जीवर. प्रत्यक्षात बहुतेक पाकिटांवर मागचा सगळा मजकूर इंग्रजीतच असतो. तेलुगूत फार तर नाव असते. मराठीचा प्रश्नच येत नाही.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात दोन्ही मिसळून, अशी आपली तिसरी-चौथी पिढी चालली आहे. त्याचा परिणाम पाकिटापाशी येऊन दिसतो. आजीला देवनागरी वाचता येते, पण इंग्रजी येत नाही आणि डोळेही साथ देत नाहीत. नातू तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमात शिकतो. त्याला अक्षरे वाचता येतात, पण माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे काय हे कळत नाही आणि कळून घेण्याची गरजही वाटत नाही. शेजारच्या एका काकू आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, आमचा बाबू सगळं घडाघडा वाचते, पण त्याचा अर्थ काही सांगत नाही." स्वयंपाकघरातले शहाणपण आजीकडे आहे आणि अक्षरे नातवाकडे. पाकीट त्या दोघांच्या मधून निसटून जाते.

अडचण कठीण असली तरी एक चिन्ह मात्र सगळ्यांना कळते. चौकटीतला हिरवा ठिपका. आमच्या ओळखीत अक्षरशत्रू असलेल्या आजीसुद्धा पाकीट फिरवून हिरवा ठिपका शोधतात आणि तो दिसल्याशिवाय एकादशीला काय, एरवीही घरात घेत नाहीत. मांसाहारी पदार्थावर पूर्वी तपकिरी ठिपका असे. ज्यांना रंगांतला फरक दिसत नाही त्यांची अडचण ओळखून आता त्या जागी तपकिरी त्रिकोण आला आहे. चिन्ह मोठे, साधे, एकच आणि सक्तीचे असले की शिकलेला-न शिकलेला हा भेद उरत नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

आकड्यांचा हिशोब

ज्यांना इंग्रजी येते त्यांचीही गाडी आकड्यांपाशी अडते. इथे आमचा बँकेतला अनुभव थोडा उपयोगी पडेल.

आपल्याकडे सावकारी व्याज कसे सांगतात? शेकडा दोन. ऐकायला दोनच रुपये. पण ते महिन्याचे असतात, वर्षाचे होतात चोवीस. आकडा खोटा नसतो, तो कशाच्या मागे आहे हे दबक्या आवाजात सांगितलेले असते. पाकिटावर हेच काम 'सर्व्हिंग' हा शब्द करतो. एका सर्व्हिंगमध्ये इतके टक्के, असे लिहिलेले असते आणि ती सर्व्हिंग किती ग्रॅमची हे कंपनीने ठरवलेले असते. समजा ती ३० ग्रॅमची धरली आणि पुडा ९० ग्रॅमचा आहे. पोराने एका बैठकीत पुडा संपवला तर टक्के तिप्पट झाले. म्हणून आमचा सल्ला असा की आधी १०० ग्रॅमचा रकाना पाहावा, मग पुड्याचे वजन पाहावे आणि तोंडी हिशोब करावा.

हा हिशोब कशाशी ताडायचा, तेही नियमात दिले आहे. पाकिटावरचे टक्के काढताना सरासरी प्रौढ माणसाची रोजची मर्यादा अशी धरतात: ऊर्जा २००० किलोकॅलरी, एकूण चरबी ६७ ग्रॅम, त्यातली संपृक्त चरबी २२ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम आणि सोडियम २००० मिलिग्रॅम. ही मर्यादा मोठ्या माणसाची आहे, चार वर्षांच्या मुलाची नाही, हे मात्र कोणी लक्षात घेत नाही. शिवाय राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराची जी सतरा मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत साखर याहून बरीच कमी ठेवायला सांगितले आहे. पाकिटावरचा मजकूर वाचून खरेदी करा, हेही त्या सतरांपैकी एक तत्त्व आहे.

दोन उदाहरणे करून पाहू. समजा एका बिस्किटाच्या पुड्यावर १०० ग्रॅममागे ३० ग्रॅम साखर लिहिली आहे आणि पुडा ६० ग्रॅमचा आहे. म्हणजे पुड्यात १८ ग्रॅम साखर, साधारण चार चहाचे चमचे. दुसरे, मिठाचे. पाकिटावर मीठ लिहीत नाहीत, सोडियम लिहितात. त्याला अडीचने गुणले की मीठ मिळते. १०० ग्रॅम चिवड्यात ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल आणि आपण चहाबरोबर ५० ग्रॅम खाल्ला, तर ४०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे एक ग्रॅम मीठ पोटात गेले. दिवसाला पाच ग्रॅमची मर्यादा, त्यातला पाचवा हिस्सा एका वाटीत संपला. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी हा अडीचचा पाढा पाठच करावा.

घटकांच्या यादीचा नियम तर फारच सोपा आहे. ज्याचे वजन जास्त, त्याचे नाव आधी. 'आटा बिस्किट' नावाच्या पुड्यावर पहिले नाव मैद्याचे असेल तर ते मैद्याचे बिस्किट आहे, पुढच्या बाजूला गव्हाची ओंबी काढलेली असली तरी. 'मल्टिग्रेन' असेल तर कंसात टक्के पाहावेत. नाचणी, ज्वारी, ओट्स यांची नावे दहा असतात आणि टक्के एक-दोन. साखरेलाही अनेक नावे आहेत: लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज. एकच साखर तीन नावांनी विभागली की यादीत प्रत्येक नाव खाली सरकते. खात्यातली मोठी रक्कम तीन खात्यांत विभागून दाखवावी, तसा हा प्रकार. 'वनस्पती तेल' असे लिहिले असेल तर पुढे कंसात पाम किंवा पामोलिन आहे का ते पाहावे.

घटकांच्या पुढे जे ३२२, ५००, ३३० असे आकडे येतात त्यांना घाबरू नये. ३२२ म्हणजे लेसिथिन, ५०० म्हणजे आपला खाण्याचा सोडा, ३३० म्हणजे लिंबूफूल. मोबाइलवर कोणीतरी पाठवते की अमुक आकडा म्हणजे विष. असे संदेश पुढे ढकलण्याआधी तपासावेत. अडाणी राहण्यापेक्षा अर्धवट माहितीने घाबरून जाण्यात जास्त नुकसान होते.

पैशाचा हिशोबही पाकिटावरच असतो. किमतीबरोबर एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा दर छापावा लागतो. तो फार कमी लोक पाहतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटे, नमकीन, नूडल्स, चॉकलेट यांवरचा जीएसटी पाच टक्क्यांवर आला. पाच आणि दहा रुपयांच्या पुड्याची किंमत सुट्या पैशांमुळे कमी करता येत नाही, तिथे वजन वाढवणे हाच मार्ग उरतो. पुड्याची किंमत तीच दिसते, म्हणून ग्रॅम पाहिल्याशिवाय आपल्याला सवलत मिळाली की नाही ते समजत नाही. तेलाच्या पिशवीचेही तसेच. तेल हलके असते, एक लिटर म्हणजे एक किलो नव्हे, साधारण नऊशे ग्रॅमच्या आसपास. लिटर आणि ग्रॅम दोन्ही छापलेले असतात, ते ताडून पाहावेत.

आणि आता सर्वांत खटकणारी गोष्ट. ज्या पाकिटाचा पृष्ठभाग १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही, त्यावर घटकांची यादी आणि पोषणाचा तक्ता छापण्यापासून सूट आहे. ती माहिती बाहेरच्या मोठ्या पॅकवर असली की चालते. आपल्या गावात सर्वांत जास्त खपते ते हेच छोटे पाकीट, आणि बाहेरचे मोठे पॅक दुकानदाराकडे फाटून केरात गेलेले असते. जागा नाही हे कारण खोटे नाही. पण ज्याच्या खिशात पाचच रुपये आहेत, त्याच्या हाती माहितीही पाच रुपयांचीच पडते.

समोरच्या बाजूचा वाद

पाकिटाच्या मागे लिहून भागत नाही, हे जगभर कळून चुकले आहे. चिली देशाने २०१६ पासून साखर, मीठ, चरबी, ऊर्जा यांपैकी जे जास्त असेल त्याचा काळा अष्टकोनी शिक्का पाकिटाच्या दर्शनी बाजूला सक्तीचा केला. मेक्सिकोने २०२० मध्ये तोच मार्ग धरला.

आपल्याकडे सप्टेंबर २०२२ मध्ये जो मसुदा आला तो ताऱ्यांचा होता. अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत गुण. नंतर जुलै २०२४ मध्ये साखर, मीठ आणि संपृक्त चरबीचे आकडे ठळक व मोठ्या अक्षरांत छापावेत, असा प्रस्ताव प्राधिकरणाने मंजूर केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. या मसुद्यावर १४ हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या होत्या. ९ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने, तज्ज्ञ समितीने तीन महिन्यांत शिफारशी द्याव्यात, असे सांगितले. जुलैमध्ये आणखी मुदत द्यावी लागली.

दोन्ही बाजू ऐकायला हव्यात. उद्योगांचे म्हणणे असे की, सरसकट इशाऱ्याचे शिक्के मारले तर लोणचे, पापड, तूप यांवरही ते येतील. लोणचे कोणी वाटीभर खात नाही. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याच भागातल्या महिला संघांचे पापड-लोणचे आणि उटनूरच्या आदिवासी महिलांचे मोहाच्या फुलांचे लाडू उद्या याच नियमाखाली येतील. छोट्या उत्पादकाला तपासणीचा खर्च झेपेल का, हेही पाहावे लागेल. पण त्यावर उपाय निघू शकतो. किती खाल्ले जाते त्याप्रमाणे पदार्थांचे गट पाडता येतात, छोट्यांना सवलत आणि मदत देता येते.

ताऱ्यांबद्दल मात्र आमचे मत स्पष्ट आहे. तारा ही शाबासकीची खूण आहे. दोन तारे मिळालेला पदार्थसुद्धा ग्राहकाला 'दोन तारेवाला' म्हणूनच दिसतो. शिवाय साखर भरपूर, पण वरून थोडे काजू-बदाम किंवा फळांचा अंश घातला की गुण सावरतात. हे म्हणजे थकबाकी मोठी असताना वह्या नीटनेटक्या ठेवल्या म्हणून कर्जदाराला चांगला शेरा देण्यासारखे झाले. ज्या खुणेने सावध करायचे, ती सावधच करणारी असावी. हिरव्या ठिपक्याने एवढे शिकवलेच आहे की, एक खूण, एक अर्थ, सर्वांवर सक्ती, एवढे केले तर आमच्या आजीला कोणाच्या मदतीची गरज लागत नाही.

हे सगळे कशासाठी? भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. आपल्या पिढीला हा आजार साठीत झाला. पुढच्या पिढीला तो चाळिशीच्या आत गाठतो आहे. पूर्वी दुपारच्या वेळी पोराच्या हातात भाकरीचा तुकडा आणि गुळाचा खडा असे, आता पुडा असतो. गुळाचा खडा केवढा द्यायचा ते आई ठरवी. पुड्यातली साखर दुसरेच कोणी ठरवते, आणि ती किती हे सांगणारी ओळ आपल्या भाषेत नाही.

आपण काय करू शकतो?

दिल्लीचा निर्णय होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या मंडळापुढे आम्ही काही सूचना ठेवतो.

पहिली, हळदीकुंकू, गणेशोत्सव, वाचनालयाची बैठक, जिथे आपण जमतो तिथे अर्धा तास 'पाकीट वाचन' ठेवावे. घरातली रिकामी पाकिटे आणावीत. नातवाने वाचावे, आजीने अर्थ विचारावा. आमच्या घरी हा प्रयोग सुरू केला आहे. पहिल्या दिवशी नातीने साखरेची तीन नावे शोधून काढली आणि चौथ्या दिवशी दुकानात आम्हालाच थांबवून पाकीट उलटे करायला लावले.

दुसरी, मराठी आणि तेलुगू अशा दोन भाषांत वीस-पंचवीस शब्दांचा एक तक्ता करून दुकानांत लावू द्यावा, अशी विनंती करावी. दुकानदार आपलेच आहेत, नाही म्हणणार नाहीत.

तिसरी, तक्रार करायला शिकावे. पाकिटावर चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. दिशाभूल वाटली तर त्या क्रमांकासह प्राधिकरणाच्या फूड सेफ्टी कनेक्ट या अॅपवर किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करता येते. कायद्यात चुकीच्या लेबलसाठी तीन लाखांपर्यंत आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तक्रारच नसेल तर तरतूद कागदावरच राहते. ओआरएसच्या नावाचा निर्णय एका डॉक्टर बाईंनी चिकाटी धरली म्हणून झाला, हे विसरू नये.

आणि चौथी, उन्हाळ्यापुरती. मुलाला जुलाब झाले तर ओआरएसची पुडीच घ्या. तिच्यावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र असल्याचा उल्लेख आहे का आणि ती किती पाण्यात मिसळायची, एवढे दोन शब्द वाचा. आशा कार्यकर्तीकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ती फुकट मिळते. केलेले पाणी चोवीस तासांत संपवा, उरले तर फेका. पुडी मिळालीच नाही तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा, एवढे मोजून घाला. साखर वाढवू नका, मीठही वाढवू नका. मूल मलूल झाले, लघवी कमी झाली किंवा पाणी पोटात ठरेना, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

बँकेत असताना एखादा शेतकरी कर्जाच्या कागदावर अंगठा टेकवायला पुढे झाला की आमचे जुने साहेब त्याचा हात धरून थांबवत आणि म्हणत, "आधी ऐकून घे, मग अंगठा दे." दुकानात तसे थांबवणारे कोणी नसते. तो डबा आम्ही अजून टाकलेला नाही. धुऊन, कोरडा करून कपाटात ठेवला आहे. पुढच्या बैठकीला घेऊन येणार आहोत. आपणही आपापल्या घरातले एक पाकीट घेऊन या.

आपल्या सर्वांना उन्हाळा सुखाचा जावो.